समुद्राखालच्या इंटरनेटला बळ कोण देतं? साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या काचेच्या धाग्याची गोष्ट

लंडनला शिकणाऱ्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला की काही क्षणांत तो डोंबिवलीतल्या मावशीच्या फोनवर दिसतो. हा फोटो सॅटेलाइटवरून आला असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात देशादेशांमधला जवळपास सगळा इंटरनेट डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून फिरतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबल पाण्यातून जमिनीवर येतात. या केबलच्या पोटात केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात आणि त्या धाग्यांमधून आपला फोटो प्रकाशाच्या रूपात धावत असतो.

आता इथे एक अडचण आहे. काच कितीही शुद्ध असली तरी प्रकाश त्यात हळूहळू कमी होत जातो. नेहमीच्या फायबरमध्ये १०० किलोमीटर गेल्यावर सुरुवातीच्या प्रकाशापैकी जेमतेम १ टक्का उरतो. २०० किलोमीटरवर त्या १ टक्क्याचाही १ टक्का. आणि लंडन ते मुंबई हे अंतर हजारो किलोमीटरचं. मग समुद्राच्या तळाशी, काळोखात, या दमलेल्या प्रकाशाला पुन्हा ताकद कोण देतं?

याचं उत्तर १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सापडलं. ते एकट्या भौतिकशास्त्राचं नव्हतं आणि एकट्या इलेक्ट्रॉनिक्सचंही नव्हतं. काच बनवणारे, लेझर समजणारे आणि टेलिफोनची गरज ओळखणारे लोक एकत्र बसले म्हणून ते सापडलं.

आधी प्रकाश काचेत २० मीटरही टिकत नव्हता

काचेच्या वाकड्या धाग्यातून प्रकाश नेता येतो हे आधीपासून माहीत होतं. पंजाबमधल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काम करताना अशा धाग्यांच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. त्यांचा शोधनिबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढे ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द रूढ झाला तोही कपानींमुळेच.

पण हे धागे पोटात कॅमेरा सोडण्याएवढ्या अंतरापुरतेच कामाचे होते. त्या काळच्या काचेत २० मीटरवरच ९९ टक्के प्रकाश गायब व्हायचा. त्यातून शहर ते शहर फोन जोडणं म्हणजे स्वप्नच.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी गणित मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. लोहासारख्या धातूंचे अंश काढून टाकले तर काच दूरसंचाराला चालेल. त्यांनी लक्ष्य ठेवलं होतं ते असं : १ किलोमीटरनंतर निदान १ टक्का प्रकाश उरला पाहिजे. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये हे लक्ष्य ओलांडलं. काओ यांना या कामासाठी २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

साउथॅम्प्टनच का?

साउथॅम्प्टनला इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र विभाग १९४७ मध्येच सुरू झाला होता. तो उभा केला एरिक झेप्लर यांनी. ते जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीत रेडिओ बनवायचे. ज्यू असल्यामुळे नाझी काळात त्यांना देश सोडून इंग्लंडला यावं लागलं. त्यांनी रुजवलेल्या विभागात १९६० च्या दशकात अॅलेक गॅम्बलिंग यांनी काचेच्या धाग्यांवर काम सुरू केलं. डेव्हिड पेन नावाचा तरुण विद्यार्थी त्यांच्या हाताखाली आला आणि पुढची अनेक दशकं तिथेच राहिला.

या गटाने एक गोष्ट सुरुवातीपासून पकडून ठेवली. फायबर बाहेरून विकत आणायचं नाही, स्वतः ओढायचं. कॉर्निंगसारखी शुद्ध काच हाताशी नव्हती तेव्हा त्यांनी काचेच्या पोकळ नळीत द्रव भरून त्यातून प्रकाश नेला. हा प्रयोग १९७२ चा. नंतर काचेचं रसायन हाताळून ते स्वतःचं शुद्ध फायबर बनवू लागले.

फायबर बनवण्याची रीत समजली की पुढची गोष्ट सोपी होते. आधी शुद्ध सिलिकाची नळी घेतात. ती फिरती ठेवून तिच्यातून वायू सोडतात आणि बाहेरून ज्योतीने तापवतात. आतल्या भिंतीवर काचेचे अतिशय शुद्ध थर बसत जातात. मग नळी आणखी तापवून आक्रसतात आणि तिचा भरीव दांडा होतो. याला प्रीफॉर्म म्हणतात. हा दांडा उंच मनोऱ्याच्या टोकाला टांगतात, भट्टीत साधारण २००० अंश सेल्सिअसला त्याचं टोक वितळवतात आणि खाली धागा ओढतात. पाकाची तार ओढावी तसं. धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधोमध ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो याहून कितीतरी बारीक, ८-९ मायक्रॉनचा.

स्वतःचा मनोरा आणि स्वतःची भट्टी असली की एक मोकळीक मिळते. काचेत हवं ते मिसळून बघता येतं.

शुद्ध काचेत मुद्दाम अशुद्धी

सगळं जग काचेतून अशुद्धी काढण्याच्या मागे होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यात साउथॅम्प्टनच्या गटाने उलटं केलं. सायमन पूल, डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या गाभ्यात दुर्मिळ मृदा धातूंचे अणू किंचित मिसळले. याचं काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रमाण इतकं कमी की काच जवळपास तेवढीच पारदर्शक राहिली. पण तिला नवा गुण आला. बाहेरून लेझरने ऊर्जा दिली की हे अणू स्वतः प्रकाश देऊ लागले. म्हणजे फायबरच लेझर झालं.

पुढे त्यांनी आणखी सोपी युक्ती काढली. नळीच्या आत काचेचा भुसभुशीत थर बसवायचा, त्यात धातूच्या क्षाराचं द्रावण भरायचं, थराने ते स्पंजसारखं शोषलं की वाळवायचं आणि मग वितळवून काच करायची. हे काम रसायनाच्या प्रयोगशाळेतलं. पण त्याच्याशिवाय पुढचं भौतिकशास्त्र घडलंच नसतं.

या धातूंपैकी एक होता एर्बियम. स्वीडनमधल्या यटर्बी नावाच्या छोट्या गावातल्या खाणीच्या दगडांमधून चार मूलद्रव्यांना नावं मिळाली, त्यातलं हे एक. एर्बियमचे अणू साधारण १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतात. हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. आणि योगायोग असा की सिलिका काचेत सर्वात कमी गळती होते ती नेमकी याच तरंगलांबीला. निसर्गाने कुलूप आणि किल्ली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली होती. काच आणि लेझर दोन्ही ओळखणाऱ्यांच्या ते लक्षात आलं.

१९८७ मध्ये रॉबर्ट मिअर्स, लॉरेन्स रीकी, इयन जॉन्सी आणि डेव्हिड पेन यांनी एर्बियम मिसळलेल्या फायबरचा अॅम्प्लिफायर दाखवून दिला. त्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅब्समध्ये एमान्युएल देसुर्व्हीर यांचा गटही याच दिशेने पोचला. त्यामुळे या शोधाचं श्रेय दोन्हीकडे दिलं जातं.

हे चालतं कसं? ढोलपथक डोळ्यांसमोर आणा

गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक उभं आहे. सगळ्यांनी टिपरू वर उचलून धरलंय. अजून आवाज नाही. ताशाचा ठेका आला की सगळे ढोल त्याच ठेक्यात एकदम वाजतात आणि एका ताशाचा आवाज शेकडो ढोलांचा होतो.

एर्बियमचे अणू हे ढोलवाले. बाजूने सोडलेला पंप लेझर त्यांना ऊर्जा देतो, म्हणजे टिपरू वर उचलायला लावतो. हा लेझर ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा असतो. लांबून दमून आलेला तुमच्या फोटोचा सिग्नल म्हणजे ताशा. तो अणूंजवळून जाताच ते आपली ऊर्जा त्याच ठेक्यात, त्याच दिशेत, त्याच तरंगलांबीत मोकळी करतात. काही मीटरच्या या खास फायबरमधून बाहेर पडेपर्यंत सिग्नल शंभर ते हजार पटींनी वाढतो. प्रकाश आत जातो, प्रकाशच बाहेर येतो. मध्ये विजेचा सिग्नल कुठेच होत नाही.

त्याने नेमकं काय बदललं?

याआधीची पद्धत आठवली की फरक कळतो. १९८८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली फायबर केबल टाकली गेली, टीएटी-८. तिच्यात ठरावीक अंतरावर रिपीटर होते. रिपीटर प्रकाश पकडायचा, त्याची वीज करायचा, सिग्नल साफ करायचा आणि पुन्हा लेझरने प्रकाश करून पुढे पाठवायचा. प्रत्येक नाक्यावर कुणीतरी पत्र फोडावं, वाचावं, नव्या कागदावर उतरवावं आणि पुढे धाडावं, असा कारभार.

यात दोन मोठ्या अडचणी होत्या. एक म्हणजे रिपीटरमधलं इलेक्ट्रॉनिक्स एका ठरावीक वेगासाठीच बनलेलं असायचं. वेग वाढवायचा तर समुद्रतळाचं यंत्र बदलायला हवं, म्हणजे जवळपास नवी केबलच. दुसरी म्हणजे एका धाग्यातून वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचे, अनेक सिग्नल पाठवायचे तर प्रत्येक रंगाला वेगळा रिपीटर लागायचा.

एर्बियमला यातलं काहीच लागत नाही. पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वेग कितीही असो, तो फक्त प्रकाश वाढवतो. आणि डझनावारी रंग एकाच वेळी वाढवतो. त्यामुळे एका धाग्यातून अनेक रंगांचे सिग्नल नेणं परवडू लागलं. समुद्रात केबल तीच ठेवून दोन्ही किनाऱ्यांवरची यंत्रं बदलली की क्षमता वाढू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यात महासागरांखालच्या नव्या केबलमध्ये हे अॅम्प्लिफायर बसले. नेमका तेव्हाच इंटरनेट सामान्य लोकांच्या घरात शिरत होता.

आजही समुद्राखालच्या लांब केबलमध्ये साधारण ५० ते १०० किलोमीटरवर एक असे अॅम्प्लिफायर असतात. त्यांना लागणारी वीज केबलमधल्याच धातूच्या वाहकातून, किनाऱ्यावरून हजारो व्होल्टने पाठवली जाते. आपण रील बघतो तेव्हा परदेशातून येणारा त्याचा प्रकाश वाटेत अनेक वेळा एर्बियमकडून ताजातवाना झालेला असतो.

भिंती पाडल्या म्हणजे काय केलं?

१९८९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने साउथॅम्प्टनला ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र उभं केलं. त्याला आंतरविद्याशाखीय केंद्र असं नाव होतं. हा शब्द आजकाल प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतो, म्हणून तो इथे कसा वापरला गेला ते बघायला हवं.

विद्यापीठात सहसा भौतिकशास्त्र एका इमारतीत, रसायन दुसऱ्या आणि इंजिनिअरिंग तिसऱ्या इमारतीत असतं. पैसे वेगळे, पदव्या वेगळ्या, जर्नल वेगळी. काचेवर काम करणाऱ्याला लेझरवाल्याची अडचण कळेपर्यंत वर्ष जातं. साउथॅम्प्टनच्या केंद्रात काच वितळवणारे, लेझरचं गणित करणारे, मोजमाप घेणारे आणि टेलिफोन कंपन्यांशी बोलणारे एकाच छताखाली होते. सकाळी कुणी म्हणालं की गाभ्यात जरा वेगळं मिश्रण हवं, तर ते बनवणारा माणूस आणि ओढणारा मनोरा इमारतीतच.

त्यामुळे एकाच धाग्यातून कितीतरी फाटे फुटले. एर्बियमऐवजी इटर्बियम मिसळून ताकदवान फायबर लेझर तयार झाले. २००४ मध्ये या केंद्राच्या गटाने एकाच फायबरमधून १ किलोवॉटहून जास्त शक्तीचा लेझर काढला. त्या गटात भारतीय वंशाचे जयंत साहूही होते. आज कारखान्यांत जाड पत्रा कापायला असे लेझर वापरतात. दुसरीकडे धाग्यातून परतणाऱ्या प्रकाशावरून तापमान, ताण किंवा कंपन ओळखणारे सेन्सर आले. पाइपलाइन किंवा पुलावर नजर ठेवायला त्यांचा उपयोग होतो. केंद्रातून कंपन्याही निघाल्या. २००० मध्ये सुरू झालेली फायबर लेझरची एक कंपनी, एसपीआय लेझर्स, पुढे २००८ मध्ये जर्मनीच्या ट्रुम्फने विकत घेतली.

एका पहाटे सगळं जळालं

३० ऑक्टोबर २००५, रविवार. साउथॅम्प्टनच्या माउंटबॅटन इमारतीला आग लागली. याच इमारतीत फायबरच्या आणि मायक्रोचिपच्या प्रयोगशाळा होत्या. इमारतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला.

अशा प्रयोगशाळेत जळतं ते फक्त सामान नसतं. भट्टी विकत घेता येते. पण कुठल्या तापमानाला कुठलं मिश्रण चालतं आणि कुठल्या वेगाने ओढलं की धागा तुटत नाही, हे वर्षानुवर्षं त्याच यंत्रावर हात बसवून शिकलेलं असतं. सुदैवाने ते ज्ञान माणसांकडे होतं आणि माणसं टिकली. त्याच जागी नवी माउंटबॅटन इमारत उभी राहिली आणि फायबर ओढण्याचं काम पुन्हा सुरू झालं.

आता काचेतून काचच काढून टाकायची

पुढचा प्रश्न आणखी विचित्र होता. प्रकाशाला अडवते ती काच, मग काच नकोच. फायबरच्या मधोमध पोकळी ठेवली आणि प्रकाश हवेतून नेला तर?

अडचण अशी की साध्या फायबरमध्ये प्रकाश आत राहतो कारण गाभ्याची काच बाहेरच्या काचेपेक्षा प्रकाशाच्या दृष्टीने दाट असते. हवा काचेहून विरळ. त्यामुळे प्रकाश पोकळीतून बाहेर निसटायला बघतो. १९९० च्या दशकात फिलिप रसेल यांनी साउथॅम्प्टनला आणि नंतर बाथ विद्यापीठात सूक्ष्म छिद्रांची नक्षी असलेलं फायबर बनवून यावर वाट काढली. पुढे साउथॅम्प्टनचे फ्रान्चेस्को पोलेट्टी यांनी २०१४ मध्ये वेगळी रचना मांडली. मधल्या पोकळीभोवती काचेच्या पातळ नळ्या आणि त्या नळ्यांच्या पोटात आणखी छोट्या नळ्या. साबणाच्या फुग्याचा पडदा ठरावीक जाडीला ठरावीक रंग परतवतो, तशा या नळ्यांच्या पातळ भिंती प्रकाशाला आत ढकलतात.

याचे दोन फायदे. पहिला वेग. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, हवेत जवळपास ३ लाख. म्हणजे १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागायचे तिथे सव्वातीन-साडेतीन. शेअर बाजारातले व्यवहार किंवा एआयची डेटा सेंटर एकमेकांना जोडणं, इथे हा फरक पैशांत मोजला जातो.

दुसरा फायदा गळतीचा. काच कितीही सुधारली तरी तिची गळती किलोमीटरला सुमारे ०.१४ डेसिबलच्या खाली फारशी जात नाही. २०२५ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधात साउथॅम्प्टन आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पोकळ फायबरमध्ये ०.०९१ डेसिबलची नोंद केली. आकडे बाजूला ठेवून सांगायचं तर १०० किलोमीटरनंतर नेहमीच्या फायबरमध्ये १ टक्का प्रकाश उरतो, या फायबरमध्ये साधारण १२ टक्के.

उद्याच आपल्या बिल्डिंगमध्ये हे फायबर येईल असं मात्र नाही. नक्षी बिघडू न देता लांबच लांब धागा ओढणं, दोन टोकं जोडणं, पोकळीत ओल किंवा नको तो वायू शिरू न देणं आणि किंमत खाली आणणं, ही कामं अजून चालू आहेत.

मग यातून कमावतं कोण?

पोकळ फायबरसाठी २०१७ मध्ये साउथॅम्प्टनमधून ल्युमेनिसिटी नावाची कंपनी निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २०२४ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने पुढच्या दोन वर्षांत आपल्या नेटवर्कमध्ये १५,००० किलोमीटर पोकळ फायबर टाकण्याची योजना जाहीर केली.

इथे दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते, कंपनीकडे पैसा आणि कारखाना आहे म्हणून प्रयोगशाळेतला धागा जमिनीत गेला. विद्यापीठ एकटं हजारो किलोमीटर फायबर ओढू शकत नाही. दुसरी बाजू विचारते, ज्या कामाला दशकानुदशकं करदात्यांचा पैसा लागला त्याचं फळ शेवटी एका परदेशी कंपनीच्या खाजगी नेटवर्कला आधी का मिळावं? एर्बियमचा अॅम्प्लिफायर सगळ्या जगाच्या केबलमध्ये पोचला. पोकळ फायबर तितकंच सगळ्यांचं होईल का, हे अजून ठरायचं आहे.

भारतासाठी हा प्रश्न लांबचा नाही. कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था एर्बियमसारखे धातू मिसळलेल्या फायबरवर काम करते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यात फायबर तयार होतं. म्हणजे काचेचा धागा ओढण्याचं कसब महाराष्ट्रात आहे. साउथॅम्प्टनच्या गोष्टीतून दिसतं ते त्याच्या पुढचं. १९७२ मध्ये पोकळ नळीत द्रव भरून बघणाऱ्या गटाने १९८७ मध्ये काचेला प्रकाश वाढवायला शिकवलं आणि २०२५ मध्ये त्याच विद्यापीठातल्या पुढच्या पिढीने काचच बाजूला केली. या पन्नासहून जास्त वर्षांत ‘याचा उपयोग काय’ असं विचारून मधेच भट्टी बंद केली असती, तर वर्सोव्याला येणारा प्रकाश आज कदाचित वेगळ्याच वाटेने आला असता.